मचव्यातील चौदावा माणूस

समुद्राची चित्रे पुष्कळ आहेत; परंतु रेम्ब्रांट ह्या डच चित्रकाराने 1633 साली रंगवलेले गालील समुद्रावरील वादळाचे चित्र आमच्यापुढे एक प्रश्न उभा करते : भिणे म्हणजे अविश्वास काय?

गालीलचा समुद्र म्हणजे खरे पाहता गोड्या पाण्याचे सरोवर. लांबी सुमारे 21 किलोमीटर. भोवतालच्या डोंगरांवरून वारा खाली उतरला की ते एकाएकी खवळते. चित्रात मचव्याचे पुढचे टोक लाटेने उचलले आहे. काही शिष्य फाटक्या शिडाशी झुंजत आहेत. मागे, सावलीत, दोघे प्रभूला जागे करीत आहेत. एकजण तर काठावरून वाकून ओकत आहे! प्रभूच्या शिष्यांना असे दाखवण्यास चित्रकार कचरला नाही.

ह्यांत विश्वासू कोण? शीड आवरणारे की प्रभूला हाक मारणारे? आम्हांस वाटते, अशी निवड करण्याचे कारणच नाही. हाताने दोर धरावा, मुखाने प्रभूला हाक मारावी. त्यांचे भय काल्पनिक नव्हते. पाणी खरोखरच मचव्यात भरत होते. प्रभूने त्यांना विश्वासाबद्दल विचारले, हे खरे. पण मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील क्रम पाहा : आधी वारा शांत केला, मग प्रश्न विचारला. मत्तय प्रश्न आधी देतो. तरी तेथेही साहाय्य अडून राहत नाही.

मंडळीत मात्र कधीकधी उलटे घडते. आजाऱ्याच्या खाटेपाशी, नोकरी गेलेल्याच्या घरी, "विश्वास कमी पडला" एवढे बोलून माणसे परततात. काठावरून असे बोलणे सोपे आहे. शिष्यांना प्रश्न विचारणारा प्रभू काठावर नव्हता; तो त्याच मचव्यात होता.

चित्रात माणसे चौदा आहेत : प्रभू, बारा शिष्य आणि आणखी एक. हा चौदावा एका हाताने टोपी व दुसऱ्याने दोर धरून सरळ आपल्याकडे पाहतो. तो स्वतः रेम्ब्रांट, असे मानतात. त्याने आपली जागा काठावर ठेवली नाही.

मूळ चित्र 18 मार्च 1990 रोजी बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून चोरीस गेले व अद्याप सापडलेले नाही. तेथे रिकामी चौकट टांगलेली आहे. तरी त्याच्या प्रती मिळतात. संडेस्कूलच्या शिक्षकांनी एखादी मुलांना दाखवावी आणि विचारावे, "ह्या मचव्यात तू कोठे असतास?" मग तोच प्रश्न आपण मोठ्यांनीही स्वतःस विचारावा, आणि ज्याच्या घरी आज वादळ आहे, त्याच्याकडे जाऊन आधी दोर धरावा.