हस्तलिखित परत पाठवणारा संपादक

1911 साली ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’कडे मद्रासहून एक हस्तलिखित आले. लेखकाकडे पदवी नव्हती, धड नोकरीही नव्हती. मांडणी इतकी आटोपशीर की मधल्या पायऱ्या वाचणाऱ्याने स्वतःच शोधायच्या. संपादक एम. टी. नारायण अय्यंगार यांनी ते बाजूला टाकले नाही. कुठे काय कळत नाही ते सांगून त्यांनी ते लेखकाकडे परत पाठवले, सुधारून आले की पुन्हा तपासले. बर्नूली संख्यांवरचा रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध असा छापला गेला. त्याच वर्षी त्याच पत्रिकेच्या प्रश्नांच्या सदरात रामानुजन यांनी वर्गमुळाच्या पोटात वर्गमूळ अशी न संपणारी मांडणी देऊन तिची किंमत विचारली होती. कित्येक महिने कुणाचे उत्तर आले नाही. शेवटी त्यांनीच दिले. किंमत होती 3.

सोसायटीला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. अशा पत्रिकेकडे लेखक आला, कारण तिथे आपले लिखाण कुणीतरी ओळन् ओळ वाचेल याची खात्री होती. छोट्या संशोधनपत्रिकेचे खरे भांडवल तेवढेच आहे आणि नेमके तेच आपण विसरत चाललो आहोत.

लेखक मिळत नाहीत म्हटले की इम्पॅक्ट फॅक्टर वाढवायची भाषा सुरू होते. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांचा यंदा किती जणांनी हवाला दिला, त्याची ही सरासरी. कर्करोगावरच्या संशोधनाला हे माप कदाचित चालेल. पण सह्याद्रीच्या एखाद्या सड्यावर सापडलेल्या वनस्पतीचे वर्णन आज छापले, तर त्याची गरज कुणाला तीस वर्षांनी पडेल, आणि तेव्हा त्याला दुसरा पर्याय नसेल. 2020 मध्ये प्राणिवर्गीकरणाला वाहिलेले ‘झूटॅक्सा’ स्वतःच्याच लेखांचे हवाले फार देते म्हणून या गणनेतून वगळले गेले. जगभरचे वर्गीकरणतज्ज्ञ उठले, तेव्हा निर्णय फिरला. नव्या प्रजातींची इतकी वर्णने जिथे येतात, त्याच पत्रिकेचे हवाले पुढच्या लेखांत येणार, यात गैर ते काय?

अर्थात नुसते चांगले छापून भागत नाही. दामोदर कोसंबी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना, 1943 साली, त्यांचा ‘स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस’ हा निबंध याच गणिती पत्रिकेत आला. पुढच्या काही वर्षांत कार्हुनेन आणि लोएव्ह स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले. आज तो सिद्धांत जगभर त्या दोघांच्या नावाने शिकवला जातो. कोसंबींचे नाव काही जणच जोडतात. तेव्हा महायुद्ध चालू होते. आज तशी सबब नाही. जुने अंक स्कॅन करून खुले ठेवणे, प्रत्येक लेखाला डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक देणे याला फार खर्च येत नाही. कोइमतूरहून निघणारे ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ वाचायला मोफत आहे. लेख कधी आला, कधी स्वीकारला, तो कोणत्या संपादकाने हाताळला, हे त्यात लेखावरच छापलेले असते. नवख्या संशोधकाला अशा उघड कारभारानेच भरवसा वाटतो.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्र सरकारने 30 प्रकाशकांची नियतकालिके मिळवण्यासाठी तीन वर्षांकरता सुमारे 6000 कोटी रुपये ठेवले. विद्यार्थ्यांना ती मिळालीच पाहिजेत. पण आपल्याकडच्या पत्रिकांना एक पूर्णवेळ सहसंपादक मिळावा, म्हणून यातला अगदी किरकोळ वाटासुद्धा वेगळा काढावासा वाटू नये, हे मला खटकते. कितीतरी पत्रिका कुणी प्राध्यापक तास संपल्यावर चालवतो. दुसऱ्याचा निबंध सुधारण्यात गेलेली त्याची संध्याकाळ बढतीच्या अर्जात कुठल्याच रकान्यात बसत नाही. विद्यापीठांनी आधी तो रकाना अर्जात आणावा. संपादनाला बसायला माणसे मिळाली, तर लेखकांची विनवणी करावी लागणार नाही.