कृपा आणि निवाडा : एका वाचनपद्धतीची चिकित्सा

समलिंगी व्यक्तींविषयीच्या ख्रिस्ती भूमिकेची चर्चा बहुधा तराजूच्या प्रतिमेत अडकलेली असते. एका पारड्यात कृपा, दुसऱ्यात निवाडा. उदारमतवाद्यांनी पहिल्यात भर घालावी, परंपरावाद्यांनी दुसऱ्यात. वाद मग केवळ प्रमाणाचा होऊन बसतो. वस्तुतः ज्या संहितांच्या आधारे तो चालतो, त्या संहिता कृपा आणि निवाडा यांचा संबंध प्रमाणाच्या भाषेत मांडतच नाहीत. त्यामुळे हा प्रश्न धर्मशास्त्राइतकाच वाचनाचाही ठरतो. मराठीतील ‘निवाडा’ हा शब्द ‘निवडणे’ या क्रियेशी नाते सांगतो : धान्य निवडावे तसे बरेवाईट वेगळे करणे. ज्या ग्रीक क्रियापदापासून पाश्चात्त्य भाषांतील समीक्षावाचक शब्द आले, त्याचाही मूळ अर्थ वेगळे करणे, चाळणे असाच आहे. आणि नव्या करारात न्याय करण्यासाठी तेच क्रियापद योजलेले आहे. तेव्हा समीक्षेने हा प्रश्न परका मानण्याचे कारण नाही.

या वादात सर्वाधिक उद्धृत होणारा उतारा पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील आहे. सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या ओवीत पौल स्त्रियांच्या व पुरुषांच्या समलिंगी वासनांचा निर्देश मूर्तिपूजेचा परिणाम म्हणून करतो. उताऱ्याचा सूर निषेधाचा आहे, हे नाकारून चालणार नाही. तो सौम्य करून दाखवण्याचे अलीकडचे काही प्रयत्न भाषाशास्त्रीयदृष्ट्या ओढूनताणून केलेले वाटतात. परंतु पौल तेथे थांबत नाही. त्याची यादी पुढे मत्सर, कलह, चहाडी, उद्धटपणा, आईबापांची अवज्ञा अशी वाढत जाते. ऐकणारा मान डोलावत असतानाच दुसरा अध्याय ‘म्हणून’ या अर्थाच्या अव्ययाने सुरू होतो, आणि बोट एकदम त्या मान डोलावणाऱ्याकडेच वळते : दुसऱ्याचा न्याय करणाऱ्या माणसा, तुलाही सबब उरलेली नाही. ही वक्तृत्वशास्त्रातील जुनी युक्ती आहे. श्रोत्याच्याच संमतीने त्याला कोंडीत पकडण्याची.

आता या ‘म्हणून’च्या आधी जी अध्यायरेषा आहे, ती पौलाची नव्हे. बायबलची आजची अध्यायविभागणी तेराव्या शतकाच्या प्रारंभी स्टीफन लँग्टनने रूढ केली असे मानले जाते. प्रवचन पहिल्या अध्यायाशी थांबते तेव्हा सापळ्याचे दार मिटण्याआधीच श्रोता सुखरूप घरी जातो. पौलाचा युक्तिवाद, सर्वच दोषी आणि म्हणून सर्वच कृपेवर अवलंबून, असा आहे. निवाडा कमी करून कृपा वाढवावी, असे तो म्हणत नाही. निवाडा करणाऱ्याचे आसन तो काढून घेतो. निवाडा ईश्वराकडे राहतो आणि माणसे सारी एकाच रांगेत उभी राहतात. समलिंगी व्यक्तींसाठी त्या रांगेत वेगळी खिडकी नाही.

उदारमतवादी वाचनाचा आवडता उतारा योहानाच्या शुभवर्तमानातील आहे. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला दगडमार करण्यासाठी आणलेली आहे. येशू म्हणतो की निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा. एकेक जण निघून जातो. सायनायटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत ही कथा नाही, म्हणून पाठचिकित्सक ती मागाहून आलेली मानतात. ऑगस्टिनने तिच्या अभावाचे मार्मिक कारण सुचवले होते : बायकांना पाप करण्याची मुभा मिळेल या भीतीने काही अल्पविश्वासी पुरुषांनी ती संहितेतून वगळली असावी. पाठचिकित्सेच्या दृष्टीने हे अनुमान टिकणारे नाही. तरी कृपेच्या संहितेची भीती वाटते आणि ती कापली जाऊ शकते, ही जाणीव त्यात आहे.

मात्र या कथेचा समलिंगी व्यक्तींच्या बाजूने होणारा उपयोग सदोष आहे. येशूच्या अखेरच्या बोलण्याचे दोन भाग आहेत : मीही तुला दोषी ठरवत नाही, आणि यापुढे पाप करू नकोस. उदारमतवादी पहिल्या भागाशी थांबतात, परंपरावादी दुसऱ्यावर जोर देतात. दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात, की समलिंगी व्यक्ती त्या स्त्रीच्याच जागी उभी आहे. व्यभिचारात विश्वासघात असतो, फसवला गेलेला तिसरा माणूस असतो. परस्परांशी एकनिष्ठ राहून आयुष्य काढणाऱ्या दोन पुरुषांच्या वा दोन स्त्रियांच्या बाबतीत हा तिसरा माणूस कोण? हे कथेतून सिद्ध होत नाही. ते आधी अन्यत्र ठरवून मग कथा आणली जाते. कृपा दोषी माणसाला हवी असते. ज्याचा दोषच सिद्ध नाही त्याला कृपा देऊ करणे हा त्याचा सूक्ष्म अपमान आहे, आणि सहानुभूतीने बोलणारा तो अधिक सहजपणे करतो. मराठीत ‘न्याय’ हा शब्द निवाडा आणि हक्काचे माप या दोन्ही अर्थांनी चालतो. ‘कृपा की न्याय?’ असे मराठीत विचारले, तर समलिंगी ख्रिस्ती माणूस दुसरा शब्द निवडील, आणि ते अहंकाराने असेलच असे नाही.

पापाचा द्वेष करावा, पाप्यावर प्रेम करावे, हे सूत्र या पेचातून सुटण्यासाठी सांगितले जाते. त्याचा एक उगम ऑगस्टिनने संन्यासिनींच्या मठाला लिहिलेल्या पत्रात सापडतो. संदर्भ आहे पुरुषांकडे नजर वळवणाऱ्या भगिनीला कसे सुधारावे याचा. नजरेच्या दोषापुरते ते सूत्र चालते, कारण दोष वेगळा काढला तरी भगिनी शिल्लक राहते. पण एखाद्याचे प्रेम करण्याचे सामर्थ्य ज्या दिशेने वाहते ती दिशाच दोष ठरवली, तर वेगळे काय काढायचे आणि शिल्लक काय राहते? येथे निवडण्याची क्रियाच अशक्य होते.

कॅथॉलिक चर्चच्या अधिकृत संहितांत हा ताण शब्दाशब्दांत दिसतो. कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीने १ ऑक्टोबर १९८६ रोजी निघालेल्या पत्राने समलिंगी व्यक्तींवरील हिंसेचा निषेध केला आणि त्याच वेळी त्यांची प्रवृत्तीच वस्तुतः विस्कळीत असल्याचे म्हटले. १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथाने अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने, हळुवारपणे स्वीकार करावा असे सांगितले, आणि ही स्थिती त्या स्वतः निवडत नाहीत असेही नोंदवले. १९९७च्या अधिकृत लॅटिन पाठात ही नोंद उरली नाही. तिच्या जागी प्रवृत्तीच्या विस्कळीतपणाचा उल्लेख आला. आदर, करुणा, हळुवारपणा हे शब्द तसेच राहिले. पाठभेदांची सवय असलेल्या वाचकाला हा बदल किरकोळ वाटणार नाही. स्वीकाराची भाषा कायम ठेवून स्वीकाराचे कारण काढून घेतले, म्हणजे कृपा केवळ बोलण्याचा सूर होते.

भारतात या प्रश्नाला कायद्याची बाजूही होती. दंडसंहितेचे ३७७ वे कलम १८६० साली ब्रिटिश राज्यकर्त्यांनी आणले, आणि सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरवले. तत्पूर्वी डिसेंबर २०१३मध्ये त्याच न्यायालयाने ते कायम ठेवले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी, चर्च समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही, असे सांगितले होते. समलिंगी विवाहाला मात्र त्यांचा विरोध होता. पाप आणि गुन्हा यांतील हा भेद पोप फ्रान्सिस यांनीही जानेवारी २०२३मध्ये केला. भेद मोलाचा आहे. तुरुंगात जाऊ शकणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तर फारच. पण त्याने कृपेचा प्रश्न सुटत नाही, मोकळा होतो.

वाङ्मयीन उदाहरण घ्यायचे तर ऑस्कर वाइल्डचे घ्यावे लागते. २५ मे १८९५ रोजी त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. १८९७च्या जानेवारी ते मार्च या काळात रेडिंगच्या तुरुंगात त्याने लॉर्ड आल्फ्रेड डग्लसला दीर्घ पत्र लिहिले. त्यात ख्रिस्ताविषयीचे गाढ चिंतन आहे, आणि ज्या कायद्यांनी शिक्षा झाली ते अन्याय्य असल्याची ठाम जाणीवही. त्यात एका लहानशा प्रसंगाची आठवण आहे : बेड्या घातलेल्या वाइल्डला दिवाळखोरीच्या न्यायालयात नेत असताना गर्दीसमोर त्याचा मित्र रॉबर्ट रॉस याने गंभीरपणे टोपी उचलून त्याला अभिवादन केले. याहून लहान कृत्यांसाठी माणसे स्वर्गात गेली आहेत, अशा आशयाचे वाइल्ड लिहितो. या कृतीत क्षमा नाही, कारण क्षमा करणारा वरच्या पायरीवर असतो. रॉस त्याच पायरीवर होता.

पुढे याच रॉसने १९०५ साली हे पत्र ‘डी प्रोफुन्डिस’ या नावाने प्रकाशित केले, तेव्हा डग्लसचे सारे उल्लेख गाळावे लागले. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा, की वाचकांच्या हाती पश्चात्तापदग्ध, ख्रिस्तचिंतनात बुडालेला एक कैदी आला, आणि ज्या समाजाने दहा वर्षांपूर्वी त्याचे नाव नाटकांच्या जाहिरातींवरून खोडले होते, त्यातील अनेकांचे मन त्याच्याविषयी द्रवले. द्रवले ते ज्यातून प्रिय व्यक्तीच वगळली होती अशा संहितेपुढे. १९९२च्या ग्रंथातील स्वीकाराची रचना याहून फार वेगळी नाही. माणसाची संक्षिप्त आवृत्ती दाराशी आणली, तर तिला आत घेण्याची तयारी आहे.

यावर बॉनहॉफरच्या १९३७मधील ग्रंथातून आक्षेप घेता येईल. पश्चात्तापावाचून मिळणाऱ्या क्षमेला त्याने ‘स्वस्त कृपा’ म्हटले, आणि परंपरावाद्यांना तो शब्द सोयीचा वाटतो : आजीवन ब्रह्मचर्याची किंमत न मागता दिलेली कृपा स्वस्तच की! आक्षेप वजनदार आहे. पौलही कृपेला स्वैराचाराचा परवाना मानत नाही. तथापि बॉनहॉफरच्या मते स्वस्त कृपा म्हणजे आपणच आपल्याला बहाल केलेली कृपा. विवाहित धर्मोपदेशक जेव्हा अविवाहित समलिंगी तरुणाला एकाकीपणाची किंमत सांगतो, तेव्हा किंमत देणारा आणि सांगणारा एक नसतो. ब्रह्मचर्य स्वेच्छेने पत्करलेल्या समलिंगी ख्रिस्ती व्यक्तींचे साक्ष देणे वेगळे. तेथे बोलणाऱ्याने मोल स्वतः दिलेले असते, आणि त्यांचे ऐकले पाहिजे.

१८ डिसेंबर २०२३ रोजी व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना उपासनाविधीबाहेर आशीर्वाद देण्यास अनुमती दिली. प्रथमच व्यक्तीबरोबर तिच्या सोबत्यालाही पुढे येता आले. संक्षिप्त आवृत्तीचा आग्रह तेवढ्यापुरता सुटला. आफ्रिकेतील अनेक बिशपांचा विरोध झाल्यावर ४ जानेवारी २०२४ रोजी खुलासा निघाला, त्यात असा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा असे सुचवलेले होते. तराजू गेला; घड्याळ आले.

१९ मे १८९७ रोजी सुटका झाली त्याच सकाळी वाइल्डने लंडनमधील जेझुइटांकडे सहा महिन्यांच्या एकांतवासाची परवानगी मागितली होती. ॲडा लेव्हरसन तेव्हा तेथे उपस्थित होती. तिच्या आठवणीनुसार निरोप्या उत्तर घेऊन परतला : इतक्या घाईने निर्णय करता येत नाही, निदान वर्षभर विचार करावा लागेल. वाइल्ड ढसढसा रडला. त्या रात्री त्याने फ्रान्सचे जहाज गाठले. पलीकडच्या किनाऱ्यावर रॉस उभा होता.