मान खाली घातलेलं फूल

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ऑफिसजवळच्या चर्चच्या आवारात, जुन्या थडग्यांमधल्या गवतात पांढरी फुलं दिसली. वीतभर उंचीची, मान खाली घातलेली. इंग्लंडमधला माझा तो पहिलाच हिवाळा. बरोबरचा सीनिअर म्हणाला, "स्नोड्रॉप. याच्याइतकं अस्सल इंग्लिश फूल दुसरं नाही."

रात्री सहज वाचायला घेतलं, तर हे फूल मूळचं इंग्लंडचं नाहीच, असं बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. पिरेनीज पर्वतापासून युक्रेनपर्यंतची जंगलं हे त्याचं घर. जॉन जेरार्डच्या १५९७ सालच्या वनस्पतिग्रंथात ते भेटतं, पण बागेतलं फूल म्हणून. इंग्लंडच्या रानात उगवल्याची नोंद थेट १७७० च्या दशकातली. म्हणजे कुणीतरी हौसेनं लावलं आणि ते कुंपणाबाहेर गेलं. कंदाला कंद फुटत, ओढ्याच्या पाण्याबरोबर वाहत ते पसरलं आणि 'अस्सल' झालं.

मला आनंद झाला. आपल्यालाही चान्स आहे म्हणायचं!

पण मग ऱ्होडोडेंड्रॉनबद्दल वाचलं. जांभळ्या फुलांचं हे झुडूपही अठराव्या शतकात इथल्या बागांमध्ये आणलं गेलं आणि तेही रानात गेलं. आज वेल्समधल्या स्नोडोनियाच्या डोंगरांवरून ते मुळासकट काढायची मोहीम चालते, कारण त्याच्या दाट सावलीत दुसरं काही उगवत नाही. स्नोड्रॉप मात्र झाडांना पालवी फुटायच्या आत फुलतो. तेव्हा जमिनीवर पडणारा उजेड कुणाला फारसा नको असतो. उन्हाळा सुरू होईपर्यंत पानं वाळतात, आणि वर्षाचा उरलेला काळ तो जमिनीखाली कंद होऊन राहतो.

झाडांच्या बाबतीत हा न्याय मला पटतो. कोण कुठून आलं यापेक्षा त्यानं काय नुकसान केलं हे बघावं. पण तोच न्याय माणसांना लावला की त्यात एक अट हळूच शिरते : तू परका असलास तरी चालेल, फक्त जाणवू नकोस.

ती अट मी पाळत होतो. एका मीटिंगमध्ये रिलीजची तारीख जमणार नाही हे मला स्पष्ट दिसत होतं, तरी मी बोललो नाही. व्हिसा कंपनीच्या हातात होता. नंतर कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "तू किती छान रुळलास!" ते कौतुक घशात अडकलं.

आणि मग पुण्याचं आठवलं. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये बिहारची चार मुलं भाड्यानं राहायची. "मुलं चांगली आहेत, आवाजसुद्धा नसतो," असं आई सगळ्यांना सांगायची. एका वर्षी छठपूजेला त्यांच्याकडे पाहुणे आले, रात्री गाणी झाली. सोसायटीनं तक्रारीचा कागद फिरवला. आमच्या घराची सही मी केली. गणपतीत आमच्याच पार्किंगमध्ये दहा दिवस स्पीकर लागतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

नुकसान काय झालं होतं? एका रात्रीची झोप. ऱ्होडोडेंड्रॉन म्हणायला तेवढं पुरलं.

एखाद्याला आपलं मानणं म्हणजे तो त्रास देत नाही म्हणून खपवून घेणं नव्हे, असं मला आता वाटतं. घरच्या माणसाचा आवाज आपण सहन करतो, त्याच्याशी भांडतो, पण 'तू मूळचा कुठला' हे काढत नाही. भांडणाचा हक्क मिळेपर्यंत माणूस पाहुणाच असतो, मग तो दोन वर्षं राहो की वीस.

स्नोड्रॉपची मान खाली असते, त्याला लोक नम्रपणा म्हणतात. खरं कारण साधं आहे : पाऊस-बर्फात पराग भिजू नयेत. हवा थोडी उबदार झाली, मधमाश्या बाहेर पडल्या, की त्याच्या बाहेरच्या पाकळ्या चांगल्या फाकतात.

ती मुलं अजून तिथेच राहतात का, हे आईला फोनवर विचारायचंय. अजून धीर झालेला नाही.