मधला मुक्काम

मुलानं पुण्याहून आमच्या सुट्टीच्या प्रवासाचा कागद पाठवला. मुंबई ते दोहा, दोहा ते व्हिएन्ना, तिथून झुरिक. दोह्यात 70 मिनिटं, व्हिएन्नात 50. खाली लिहिलं होतं, "आप्पा, कुठंच वेळ वाया जात नाही." मी कागद घरात वाचून दाखवला. आमच्या हिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग मधी मुक्काम न्हाईच का कुठं?"

तिचा प्रश्न आमच्या पाटोद्याचा होता. दरवर्षी आषाढीआधी पैठणहून नाथांची पालखी निघते, रायमोहचा मुक्काम आटोपून आमच्या गावात येते, इथून दिघोळला, मग खर्ड्याला जाते. पंढरपूरला कधी पोचायचं ते ठरलेलं असतं, आणि मुक्काम कुठं पडायचा तेही ठरलेलं असतं. दुपारचा विसावा कुठल्या झाडाखाली, हेसुद्धा जुन्या वारकऱ्यांना माहीत असतं. पालखी गावात आली की सुजलेले पाय घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांना कुणी गरम पाणी देतं, कुणी तेल चोळतं. लहानपणापासून पाहिलेली ही गोष्ट. विसाव्याची वेळ वाया गेली, असं म्हणणारा वारकरी मला आजवर भेटलेला नाही.

मुलाचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. त्यानं रात्री जागून तिकिटं शोधली होती. पण त्याच्या 70 मिनिटांत नेमकं काय काय बसवायचं होतं, हे मी एका संध्याकाळी वहीवर मांडून पाहिलं. विमान थांबल्यावर मागच्या रांगांतली माणसं खाली उतरेपर्यंत वीसेक मिनिटं सहज जातात. विमान लांब उभं असेल तर पुढं बस. मग सामानाची आणि अंगाची पुन्हा तपासणी. पुढच्या विमानाचं दार उड्डाणाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं. हे सगळं वजा केल्यावर चालायला जेवढी मिनिटं उरली, तेवढ्यात हिला आमच्या घरापासून बसस्थानकही गाठता येत नाही. गुडघे दुखतात, मध्ये दोनदा टेकावं लागतं.

विमान बदलायला कमीत कमी किती वेळ लागतो, याचा आकडा प्रत्येक विमानतळासाठी ठरलेला असतो. व्हिएन्नासारख्या आटोपशीर ठिकाणी काही जोडण्यांना तो अर्ध्या तासाच्याही आत आहे. तो खोटा आहे असं नाही. पाट्या वाचता येणाऱ्या, धडधाकट पायाच्या माणसाला तो पुरतो. पण व्हिएन्ना हे आमचं शेंगेन देशांतलं पहिलं दार. आत शिरण्याची नोंद तिथं, झुरिकला पुन्हा तपासणी नाही. म्हणजे सगळी रांग त्या 50 मिनिटांतच. त्यात 12 ऑक्टोबर 2025 पासून या सीमांवर बाहेरून येणाऱ्या प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो नोंदवायला टप्प्याटप्प्यानं सुरुवात झाली आहे.

ठशांचं वाचलं आणि मला आमचं रेशन दुकान आठवलं. चाळीस वर्षं खुरपणी, वेचणी, शेणघाण करून हिच्या बोटांवरच्या रेघा झिजल्यात. दुकानातल्या मशीनवर अंगठा चार-चार वेळा ठेवावा लागतो. दुकानदार म्हणतो, "काकू, हात पुसून घ्या." मागं माणसं ताटकळतात. ती ओशाळते, पदराला हात पुसते, पुन्हा ठेवते. असंच तिथं झालं तर? मागं उभ्या असणाऱ्यांचीही विमानं असतील. मुलाच्या हिशेबात मिनिटं होती, आईचा अंगठा नव्हता. यात त्याचा दुष्टपणा नाही. प्रवास आखताना तो स्वतःच्याच पायांनी चालून पाहत होता.

आमच्या तालुक्यात आखणारा एक आणि चालणारा दुसरा, हे काही नवं नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथल्या ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते. निघायचं कधी, रस्त्यात थांबायचं कुठं, परतायचं कधी, हे मुकादम आणि कारखाना ठरवतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, झोपलेलं लेकरू, सगळं रात्रीतून जातं. त्या लेकराला लघवीला थांबायचंय, एवढंसुद्धा ड्रायव्हरला विनवून सांगावं लागतं. सुट्टीचा विमानप्रवास आणि तो प्रवास एका तागडीत घालायची माझी इच्छा नाही. पण आपला मुक्काम आपल्याला ठरवता येतो, हे केवढं मोठं आहे, हे त्या ट्रॉल्या पाहणाऱ्या गावातल्या माणसाला तरी कळायला हवं.

आता माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एकटा लेकीकडे जर्मनीला गेलो. वाट चुकेल, कुणी काही विचारलं तर बोली कळणार नाही, या भीतीनं लेकीनं माझ्यासाठी व्हीलचेअर मागून ठेवली. मी रोज पहाटे तीन-चार किलोमीटर चालतो. तरी नको म्हणालो नाही. मधल्या विमानतळावर चाकाच्या खुर्च्यांपाशी एक म्हातारी बाई मुलासोबत बसली होती. पाय घोट्यापासून वर सुजलेले. खुर्च्या कमी होत्या. माझं विमान आधीचं होतं, म्हणून आलेली खुर्ची मला मिळाली. ढकलणारा पोरगा घामाघूम होईस्तोवर धावला. दारापाशी पोचलो, त्याला धन्यवाद दिले आणि उठून सरळ चालत मुतारीकडे गेलो. परत येताना लक्षात आलं की मी आत्ता काय केलं. त्या बाईंना खुर्ची केव्हा मिळाली, त्यांचं विमान सापडलं की सुटलं, मला कधीच कळलं नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या 80 वर्षांच्या एका गृहस्थांची बातमी आली, तेव्हा ते सुजलेले पाय पुन्हा डोळ्यापुढं आले. नवरा-बायको दोघांनी व्हीलचेअर मागितली होती. मागणी जास्त, खुर्च्या कमी. एकच मिळाली, तीत बायको बसली. दुसरीची वाट न पाहता ते तिच्या बाजूनं चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. ते वाचले नाहीत. पुढं विमान कंपनीला 30 लाखांचा दंड झाला. कंपनीनं खुर्च्या पुरवायला हव्या होत्या, यात शंका नाही. पण त्या दिवशी तिथल्या खुर्च्यांवर माझ्यासारखे किती जण बसले असतील, हा प्रश्न मी टाळू शकत नाही. वाट दाखवायला माणूस हवा असेल तर तसं स्पष्ट सांगून मागता येतं. लेकीनं भीतीपोटी एक खूण केली, मी सोयीपोटी गप्प राहिलो.

तिकिटांचंही तसंच झालं. व्हिएन्नापुढचं तिकीट वेगळं काढलं तर 12 हजार वाचत होते. एकाच आरक्षणात सगळा प्रवास असेल आणि पहिल्या विमानाच्या उशिरानं दुसरं चुकलं, तर पुढं पोचवणं कंपनीच्या अंगावर असतं. तिकिटं दोन असली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले गिऱ्हाईक. सामानही मध्येच उतरवून घ्या, पुन्हा द्या. मी मुलाला फोनवर विचारलं, "हे 12 हजार आपण कुणाच्या जिवावर वाचवतोय?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तसं झालं तर मी रांगेत पुढं जाऊन विनंती करीन, आई म्हातारी आहे म्हणून." म्हटलं, बाळा, त्या रांगेत घरून चार तास आधी निघालेली माणसं असतील. आपण आधीच वेळ ठेवला नाही, त्याची भरपाई त्यांनी का करायची? खरीच अडचण आली तर जरूर मागू, लोक देतातही. एसटीच्या वाहकानं पळत येणाऱ्या माणसासाठी दोरी ओढून गाडी थांबवलेली मी शेकडो वेळा पाहिली आहे. पण वाहक थांबवीलच, असं धरून घरात चहा पीत बसणं मला पटत नाही.

परवा नवा कागद आला. एकच आरक्षण. दोह्यात सहा तास, व्हिएन्नात साडेचार. एक दिवस स्वित्झर्लंडमधला कमी झाला, एक डोंगर बघायचा राहील. हिनं मुलाकडून दोन्ही विमानतळांवर आडवं व्हायला जागा असते का, ते विचारून घेतलं. मग माझ्याकडून वहीच्या पानावर मराठीत मुक्काम लिहून घेतले, पालखीच्या वेळी लिहितात तसे एकाखाली एक: पाटोदा, मुंबई, दोहा, व्हिएन्ना, झुरिक. प्रत्येकापुढं थांबायचे तास.

व्हीलचेअरच्या रकान्यात मुलानं दोन लिहिलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही नक्की चालाल ना?" मी रोजची पहाटेची वाट सांगितली. तिनं मान हलवली. मी मुलाला फोन लावला आणि तिथं एक करायला सांगितलं.