डावा हात

एका हाताची बाही कोपरापर्यंत वर घ्या. हात मांडीवर उताणा ठेवा. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मनगटाच्या चार बोटं वर टेकवा आणि कातडी दोन्ही बाजूंना हलकेच ताणा. डोळे मिटले तरी चालतील. घाई नाही.

आता सोडा. पुन्हा ताणा. ताण बसला की बारीक सुरकुत्या विरून जातात, सोडला की परत येतात. टॅटू काढणाऱ्याचं निम्मं कसब या ताणात असतं. कातडी सैल राहिली तर सुई उसळते, रेघ थरथरते, रंग चट्ट्याचट्ट्यांनी बसतो. उजव्या हातात मशीन असतं आणि सगळे तिकडेच पाहत राहतात. कातडी ताणून धरणाऱ्या डाव्या हाताकडे कुणाचं लक्ष नसतं. आज आपण त्या हाताकडे बघू. ही विद्या पुस्तकातून किती मिळते, पडद्यावरून किती आणि माणसाकडून किती, हे त्याच्याकडे पाहिलं की बरंच उलगडतं.

बोटं अजून कातडीवर आहेत ना? मग त्यांच्या खाली उतरा. सगळ्यात वरचा थर कागदासारखा पातळ, बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा. तो साधारण महिन्याभरात झडून नवा होतो, म्हणून त्यात शाई टिकत नाही. शाई पोचायला हवी त्याच्या खालच्या थरात, एक ते दोन मिलिमीटर आत. तिथे शरीर तिला परकी वस्तू समजतं. रक्षक पेशी धावून येतात, शाईचे कण गिळतात आणि तिथेच बसून राहतात. अशी पेशी मेली की कण मोकळे होतात आणि शेजारची दुसरी पेशी ते उचलते. फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर हे दाखवलं, ते 2018 साली. म्हणजे वर्षानुवर्षं स्थिर दिसणारं चित्र आत एका पेशीकडून दुसरीकडे सोपवलं जात असतं. यावर थोडं थांबा. सुई फार वर राहिली तर चित्र महिन्याभरात फिकं पडेल. फार खोल गेली तर शाई चरबीत पसरेल आणि रेघेभोवती निळसर सावली धरेल.

हा एक-दोन मिलिमीटरचा हिशेब कुठल्याही पुस्तकात सापडतो. पण तुमच्या मनगटाची कातडी पाठीसारखी नाही, बरगडीवरची दंडासारखी नाही, आणि सत्तरीच्या माणसाची विशीतल्यासारखी नाही. आकडा तोच, कातडी दर वेळी वेगळी. कुठे किती ताण पुरे, हे बोटांनाच कळावं लागतं.

म्हणून पुस्तक कमी, असं मात्र मी म्हणणार नाही. पुस्तकाने काय होतं याचं एक उदाहरण डोळ्यांसमोर आणू. जपानी चित्रकार उतागावा कुनियोशी याने 1827 च्या सुमारास एका चिनी कादंबरीतल्या बंडखोर वीरांची लाकडी ठशांची चित्रमाला काढायला घेतली. त्यातल्या अनेकांच्या अंगभर गोंदण होतं. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, लोकांनी तीच चित्रं आपल्या पाठीवर काढून घेतली. कागदावरचं अंगावर आलं. पुढे 1872 मध्ये सरकारने गोंदण्यावर बंदी घातली, ती 1948 पर्यंत टिकली. कारागीर लपूनछपून काम करत राहिले, शिष्यांना शिकवत राहिले.

इकडे कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये फिल स्पॅरो नावाचा टॅटूवाला होता. मूळचा इंग्रजीचा प्राध्यापक. त्याच्या दुकानात एड हार्डी या तरुणाला जपानी गोंदणाचं एक पुस्तक बघायला मिळालं. हार्डी तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या कलाशाळेत ठसेछपाई शिकत होता, म्हणजे ठशांच्या चित्रांचा जाणकारच. पुस्तकाने त्याला दिशा दिली. होनोलुलूचा टॅटूवाला सेलर जेरी जपानच्या कारागिरांशी पत्रव्यवहार करत असे, त्याच्याशी ओळख झाली. आणि 1973 मध्ये हार्डी स्वतः जपानला गेला, गिफू शहरातल्या होरिहिदे या उस्तादाकडे. पुस्तक होतं, पत्रं होती, हातात कलाशाळेची पदवी होती, तरी जावं लागलं. का, ते बघायला होरिशीच्या, म्हणजे तिथल्या गोंदणाऱ्याच्या, शेजारी मनाने जरा बसून पाहू.

तेबोरी, म्हणजे मशीनविना हाताने गोंदणं. लांब दांडीच्या टोकाला सुयांचा जुडगा बांधलेला. उजवा हात दांडी पुढेमागे ढकलतो, एका लयीत. डावा हात काय करतो? अंगठा आणि तर्जनीने कातडी ताणतो. त्याच अंगठ्यावर दांडी टेकलेली असते, सुई किती खोल जाते हे त्याला जाणवतं. आणि उरलेल्या बोटांत शाईचा कुंचला धरलेला असतो. एका हाताची तीन कामं. फोटोत हे सगळं दिसतं, तरी ताण किती आहे ते दिसत नाही. तो ताण शेजारी बसून, वर्षानुवर्षं बघून आणि उस्तादाच्या एका 'हं'वरून समजतो.

आपल्याकडेही हेच होतं. जत्रेत, आठवडी बाजारात सुया आणि काजळी घेऊन बसलेली गोंदणारी बाई आठवा, किंवा आजीच्या हनुवटीवरचा हिरवट ठिपका, मनगटावरची तुळस. त्या बाईला कुणी वही दिली नव्हती. आईच्या शेजारी बसून, समोरच्या बाईचा हात धरून ठेवता ठेवता मुलगी शिकली. आधी धरायला शिकली, मग टोचायला. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. जुनं ते सगळं सोनं, असा मात्र अर्थ काढू नका. एकच सुई किती जणींच्या अंगात जाई, ते आठवलं तरी पुरे.

पडद्याचं काय? 2005 पासून 'मायामी इंक'सारख्या मालिकांनी टॅटूचं दुकान घराघरांत नेलं. आज फोनवर नामांकित कलाकारांचे हात अगदी जवळून बघता येतात. सुई कशी धरायची, रेघ कुठून कुठे ओढायची, रंग कसा भरायचा, हे पूर्वी वर्षभर झाडलोट करूनही कुणी सांगत नसे. हा लाभ खरा आहे आणि गुरूच्या नावाखाली पोरांना फुकट राबवणाऱ्यांना त्याने चांगला चाप बसला. पण चित्रफितीत पाच तासांचं काम चाळीस सेकंदांत उरकतं. गाळलं जातं ते पुसणं, थांबणं, ताण बदलणं, समोरच्याचा श्वास बघणं. नेमका डावा हात कापला जातो.

आता श्वास सोडा आणि स्वतःला शिकाऊच्या जागी ठेवा. पहिले काही महिने चित्रं काढायची, पुन्हा पुन्हा, तीच रेघ. मग सिलिकॉनची नकली कातडी किंवा डुकराची. ती मेलेली असते, दुखलं म्हणून आक्रसत नाही, तिला घाम येत नाही. मग पुष्कळांची पाळी येते ती स्वतःच्या मांडीवर. सुई घेणारा आणि देणारा एकच झाला की घाई आपोआप जाते. आणि त्यानंतर कुणीतरी विश्वासाने आपला हात पुढे करतो. त्या हाताखाली तुमचा डावा हात जातो. मागे कुणीतरी उभं असावं, 'थांब, थोडं आणखी ताण' म्हणायला. तेवढ्यासाठी गुरू लागतो. बाकीचं बरंचसं पुस्तकं सांभाळतात.

हे शिकायला खरंच निघाला असाल तर पुस्तकं भरपूर घ्या, चित्रफिती हळू करून बघा आणि दुकान निवडताना भिंतीवरच्या चित्रांआधी हातमोजे, प्रत्येकासाठी नवी सुई आणि वापरलेल्या सुयांचा डबा बघा. आणि पहिली सुई हातात घेण्याआधी स्वतः एक टोचून घ्या, हिपॅटायटिस बी ची लस. तिचे तीन डोस साधारण सहा महिन्यांत पुरे होतात. हिपॅटायटिस सी वर लस नाही.