गाइडची सही

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने आला. त्याची प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे एडविन कॅनन यांनी लिहिली. पीएच.डी.चे विद्यार्थी घेणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने ती एकदा तरी वाचावी. आपल्या विद्यार्थ्याचे बरेचसे युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत, हे कॅनन तिथे उघडपणे सांगतात. आणि तरीही, तो चुकतोय असे वाटले तिथेसुद्धा त्याच्या मांडणीतला ताजेपणा आपल्याला विचार करायला लावतो, अशी मोकळी दादही देतात. प्रबंध पहिल्या फेरीत सुखासुखी पास झाला नव्हता. दुरुस्त्या करून तो पुन्हा पाठवावा लागला. त्यातली ब्रिटिश धोरणावरची टीका परीक्षकांना रुचली नव्हती आणि आंबेडकरांनी निष्कर्षांना हात न लावता तो परत पाठवला, असे चरित्रकार सांगतात. अशा वादात सापडलेल्या प्रबंधामागे न पटणाऱ्या मार्गदर्शकाने आपले नाव उभे केले.

संशोधक विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांचे हक्क काय, कर्तव्ये कोणती, यावर आज नियमावल्या निघतात, कार्यशाळा होतात. मला मात्र या साऱ्याचा गाभा त्या प्रस्तावनेत दिसतो. विद्यार्थ्याचा पहिला हक्क गाइडशी असहमत होण्याचा, आणि गाइडचे पहिले कर्तव्य ती असहमती नीट, पुराव्यानिशी मांडायला शिकवण्याचे. उरलेल्या गोष्टी, म्हणजे मुदत, रजा, शिष्यवृत्ती, श्रेय, या गाभ्याच्या रक्षणासाठी आहेत.

ही कल्पना जर्मनीत रुजली. १८१० साली बर्लिनचे विद्यापीठ उभे करताना विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांची धारणा अशी होती की वरच्या शिक्षणात शिक्षक विद्यार्थ्यासाठी नसतो, दोघेही ज्ञानासाठी असतात. ऐकायला हे फार उदात्त आहे. पण त्याच विद्यापीठांत प्राध्यापकाची सत्ताही जबरदस्त होती. विषय तो देणार, प्रयोगशाळा त्याची, पुढच्या नोकरीसाठी शिफारसपत्रही त्याचेच. ज्ञानापुढे दोघे सारखे आणि व्यवहारात एक मालक, दुसरा आश्रित, हा पेच पीएच.डी.च्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे.

त्या पेचाची परीक्षा एका मराठी बाईने बर्लिनमध्येच दिली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे तिथे गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, मानववंशशास्त्रातले तेव्हाचे बडे प्रस्थ आणि वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते. युरोपीय माणसाच्या कवटीच्या डाव्याउजव्या बाजूंत इतरांपेक्षा अधिक फरक असतो आणि त्याचा धागा बुद्धीशी जुळतो, असे त्यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी कवट्या हातात घेतल्या, एकेक बाजू मोजली, आकडे मांडले आणि लिहिले की वंशाचा आणि या फरकाचा काही संबंध दिसत नाही. परक्या देशातली विशीतली मुलगी, आणि ज्याच्या हाती पदवी त्याच्याच सिद्धान्ताच्या विरोधात निष्कर्ष! पदवी मिळाली. पुढे फिशर नाझी राजवटीच्या सेवेत गेले आणि इरावतीबाई पुण्यात डेक्कन कॉलेजात आल्या. त्या प्रबंधातला कवटीमापनाचा विषय आज कालबाह्य झाला आहे, पण विद्यार्थ्याने गाइडचे गृहीतक तपासायचे असते, सजवायचे नसते, हे त्याहून स्वच्छ दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडे १८५७ साली स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे बराच काळ फक्त परीक्षा घेत. संशोधनाचे विभाग विसाव्या शतकात आले. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला आणि १९२४पासून तो मालवणच्या गो. स. घुर्ये यांनी चालवला. भारतातले समाजशास्त्र बऱ्याच अंशी त्यांच्या खोलीतून बाहेर पडले. इरावतीबाईही बर्लिनला जाण्याआधी त्यांच्याच विद्यार्थिनी. अ. र. देसाई पक्के मार्क्सवादी, आणि घुर्ये मार्क्सवादाच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे. तरी भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरचा देसाईंचा प्रबंध घुर्यांच्याच मार्गदर्शनाखाली पुरा झाला आणि १९४८ साली तो पुस्तक म्हणून आला, तेव्हापासून आजतागायत वाचला जातो आहे. याच घुर्यांचे दुसरे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास. त्यांनी उतारवयात आपल्या आणि घुर्यांच्या ताणलेल्या संबंधांवर सविस्तर लेख लिहिला. अर्धे शतक उलटूनही तो ताण विरला नव्हता.

एकच गुरू एकाला मोकळीक देतो आणि दुसऱ्याला त्याचा जाच होतो. यात घुर्यांच्या मोठेपणाला कुठे बाध येत नाही. पण विद्यार्थ्याचे भवितव्य गाइडच्या स्वभावावर, मर्जीवर, त्या दिवशीच्या मनःस्थितीवर सोपवलेले होते, हे खरे. कॅनन लाभले हे भाग्य. भाग्याला हक्क म्हणता येत नाही.

श्रेयाची गोष्टही इथेच येते. केंब्रिजमध्ये १९६७ साली जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला दुर्बिणीच्या कागदपट्ट्यांवर पल्सारच्या खुणा सापडल्या. प्रबंधाचा विषय दुसराच असल्याने हा शोध प्रबंधाच्या परिशिष्टात गेला आणि १९७४चे नोबेल तिचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश आणि मार्टिन राईल यांना मिळाले. प्रकल्पाच्या यशापयशाची अंतिम जबाबदारी मार्गदर्शकाची असते, असे म्हणत तिने स्वतः तक्रार केली नाही. मला तिचा उमदेपणा कळतो, पण तो निवाडा पटत नाही. जबाबदारी वरच्याची म्हणून श्रेयही वरच्याचे, हे मान्य केले तर आपल्या विभागांत विद्यार्थ्याच्या लेखावर न वाचता पहिले नाव घालणाऱ्यांना काय सांगणार?

मर्जीची जागा नियमाने घ्यावी, हा विचार आपल्याकडे फार उशिरा आला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.विषयक नियम २००९, २०१६ आणि २०२२ साली आले. त्यांवर टीका पुष्कळ होते, पण त्यांनी दिलेले थोडे नाही. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, ही मर्यादा आली. महिला संशोधकांना २४० दिवसांची रजा आणि दोन वर्षांची जादा मुदत मिळाली. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदलले तर काही अटींवर संशोधनाची सामग्री नव्या संस्थेत नेता येते. किती मुलींचे प्रबंध याच वळणावर सुटले असतील, हे विभागात बसणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी विद्यार्थ्याचीही बाजू बांधून घेतली. साठ टक्क्यांहून अधिक मजकूर उचललेला निघाला तर नोंदणीच रद्द.

आणि ती बाजू बांधायला हवीच होती. दोन-दोन वर्षे तोंड न दाखवणारा, फोन न उचलणारा आणि मुदत संपायच्या महिन्यात चार प्रकरणे घेऊन दारात उभा राहणारा विद्यार्थी प्रत्येक गाइडने पाहिलेला असतो. पैसे देऊन प्रबंध लिहून घेणारेही आहेत. बढतीसाठी पदवी हवी, विषयाशी देणेघेणे नाही. अशा माणसाला हक्काची भाषा बोलताना ऐकले की प्रामाणिक गाइडच्या जिवाचा संताप होतो, आणि तो रास्त आहे. नाही म्हणणे, कच्चे प्रकरण परत करणे, पुन्हा फील्डवर पाठवणे हा गाइडचाही हक्क आहे. तो बजावला की लगेच छळाची ओरड होणार असेल तर कोणी कडक वाचणारच नाही, आणि सैल वाचणारा गाइड हा विद्यार्थ्याचा सगळ्यात मोठा तोटा असतो.

तरीही दोन्ही पारडी सारखी आहेत असे मला म्हणवत नाही. सहामाही प्रगती अहवालाचा कागद पाहा. वरचे रकाने विद्यार्थी भरतो, खाली गाइडची सही लागते. त्या सहीशिवाय अहवाल पुढे जात नाही आणि फेलोशिपचा पुढचा हप्ता अडकतो. मग फाइल छातीशी धरून स्टाफरूमबाहेर उभे राहायचे, सर मीटिंगमध्ये आहेत, सर जेवायला गेलेत, उद्या ये. दरम्यान सरांचे पेपर तपासून द्यायचे, नॅकच्या फायली लावायच्या, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचे. हे नियमात कुठेच नाही, आणि नाही म्हणायची सोयही नाही. १ जानेवारी २०२३पासून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिना ३७ हजार रुपये झाली. घरातल्या पहिल्याच पिढीतून विद्यापीठात आलेल्या, गावाकडे पैसे पाठवणाऱ्या मुलाला ती एका सहीसाठी दोन महिने थांबली तर काय होते, याचा विचार सही करणाऱ्याने करायलाच हवा.

याचे टोक किती भयंकर असू शकते ते २०२३ साली आयआयटी मद्रासमध्ये दिसले. एका पीएच.डी. विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर चौकशी समिती बसली आणि त्याच्या मार्गदर्शकावर निलंबनाची कारवाई झाली. मुलगा गेल्यानंतर.

सत्ता नेमकी कुठे असते हे ओळखणारा एक नियम आपल्याकडे आहे. उच्च शिक्षणातल्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१५च्या नियमांत अशी तरतूद आहे की तक्रारीची चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येते. मूल्यमापनाची लेखणीच धाक बनू शकते, हे तिथे कायद्याने मान्य केले. हीच समज बाकीच्या तक्रारींना का लागू होऊ नये? आज गाइड बदलायचा म्हटले तर अनेक विद्यापीठांत आधी त्याच गाइडचे ना-हरकत पत्र आणावे लागते. ज्याच्याशी बोलणे बंद झाले आहे, ज्याच्याविषयी तक्रार आहे, त्याच्याच दारात जाऊन सुटका मागायची. ही अट काढावी. गाइड बदलण्याचा अर्ज थेट संशोधन सल्लागार समितीकडे जावा, तिने ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा आणि तोवर प्रगती अहवालावर विभागप्रमुखाची सही चालावी. गाइडलाही हीच मुभा असावी. ज्याच्याबरोबर काम होऊ शकत नाही अशा विद्यार्थ्याची जबाबदारी त्याने कारणे लिहून समितीकडे सोपवावी, वर्षानुवर्षे रखडवत ठेवू नये. यासाठी पैसा लागत नाही, नवी इमारत लागत नाही, विद्यापीठाच्या पुढच्या बैठकीत ठराव आणला तरी पुरे.