बरं न झालेल्यांची साक्ष

मावशीच्या उपदेशाच्या वह्या चाळताना तिचा आजार डोळ्यांना दिसतो. रविवारी देवळात टिपणं काढायची तिची जुनी सवय. सुरुवातीच्या वह्यांत शाळामास्तरणीला शोभेल असं टपोरं अक्षर आहे. पुढे पुढे ओळ नीट सुरू होते, पण शेवटाकडे जाता जाता मुंगीएवढी होते. कंपवातात असंच होतं, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं. मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि हालचाल आखडत जाते. लेवोडोपाच्या गोळीने दोन-तीन तास हात मोकळा होतो, मग पुन्हा जखडतो. आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून निघालेलं नाही.

आमच्या धुळ्याच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. द्राक्षरसाचे इवलेसे पेले ट्रेमधून बाकाबाकावर फिरतात. एकदा मावशीचा पेला ओठांपर्यंत जाईतो तिच्या पांढऱ्या साडीवर रिकामा झाला. पुढच्या महिन्यात तिने ट्रे नुसताच पुढे सरकवला. त्याच्या पुढच्या महिन्यात ट्रे फिरवणारे वडीलमंडळातले म्हातारे काका तिच्यापाशी थांबले. कडेचा एक पेला त्यांनी अर्धाच भरून आणला होता. ट्रे दोन्ही हातांनी घट्ट धरून ते उभे राहिले. तिचा हात पोचायला बराच वेळ लागला. मागचे बाक थांबले, पेटीवाल्याने तेच कडवं पुन्हा धरलं. काका हलले नाहीत.

असे काका सगळीकडे भेटत नाहीत. मागच्या वर्षी जळगावला एका मैदानावर आरोग्यसभा होती. शेजारच्या बाईंच्या आग्रहाने मी मावशीला घेऊन गेले. बाहेरगावच्या उपदेशकांनी तिच्या कपाळावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली, मग म्हणाले, ‘हात वर करा बाई, बऱ्या झालात तुम्ही.’ तिने हात वर केला. तो थरथरत होता. त्यांनी पुन्हा प्रार्थना केली आणि शेवटी माइकवरच म्हणाले, की विश्वास कमी पडतोय, घरात काही लपवलेलं पाप असेल तर कबूल करा. परतीच्या एसटीत एरंडोल गेलं, पारोळा गेलं, ती एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर तिने विचारलं, ‘खरं सांग, माझ्या विश्वासात काय कमी आहे गं?’ त्या रात्री तिने गोळी घेतली नाही. सकाळी तिला कूसही बदलता येईना.

त्या सकाळपासून तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आजाराचं ओझं तिच्यावर होतंच, त्यावर आम्ही अपराधाचं ओझं ठेवलं, आणि तेही देवाच्या नावाने.

प्रार्थनेने बरं होण्यावरचा विश्वास खानदेशात आत्ता कुठून तरी आलेला नाही. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या भागात ज्या अलायन्स मिशनने काम केलं, त्याचे संस्थापक ए. बी. सिम्पसन. त्यांच्या शिकवणीचे चार खांब होते: ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि पुन्हा येणारा राजा. १८८१ मध्ये आपण प्रार्थनेने बरे झालो, असा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. त्या श्रद्धेला मी खोटं म्हणत नाही. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय आणि मीही मावशीसाठी रोज मागते. पण सिम्पसन यांची शेवटची वर्षं आजारपणात आणि मनाच्या काळोखात गेली, १९१९ मध्ये ते वारले. म्हणून त्यांचा विश्वास आटला होता असं म्हणायची कुणाची छाती होईल?

ज्याच्या नावाने हे सगळे दावे होतात त्या नव्या करारातच किती आजारी माणसं आहेत, हे मी नव्याने वाचलं. इफिसात पौलाच्या अंगावरची फडकी नेली तरी लोक बरे होत, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तोच पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर आणि वारंवारच्या आजारांवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, म्हणजे साधा घरगुती उपाय. त्रफिमाला तो मिलेतात आजारी असतानाच मागे ठेवून येतो. एपफ्रदीत मरता मरता वाचतो. या कुणालाही तो विश्वास कमी पडल्याचं सुनावत नाही. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीन वेळा विनवणी केली. काटा राहिला, आणि तो घेऊन जगायला लागेल तेवढं बळ मिळत राहिलं. तो काटा म्हणजे डोळ्यांचं दुखणं होतं की हिवताप की आणखी काही, यावर अभ्यासक शतकानुशतकं वाद घालतात. पौलाने दुखण्याचं नाव सांगितलंच नाही, त्यामुळे ज्याचं त्याचं दुखणं त्या जागी बसतं. आणि जन्मांध माणसाकडे बोट दाखवून पाप कुणाचं, असं शिष्यांनी विचारलं तेव्हा येशूने तो प्रश्नच नाकारला होता. जळगावच्या त्या मैदानावर तो पुन्हा विचारला गेला.

गलतीकरांच्या पत्राच्या शेवटी पौल म्हणतो, की हे मी माझ्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहितोय. हे मी मावशीला वाचून दाखवलं. तिला तेव्हा फिजिओथेरपिस्टने दुरेघी वही दिली होती, दोन रेघांना टेकेल असं मोठं अक्षर काढायचा सराव करायला. ती म्हणाली, ‘म्हणजे पौलालाही दुरेघी लागायची.’ बऱ्याच दिवसांनी ती हसली.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्याच भाषेतलं आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायचं मनात धरून. कान अधू असल्याने ते शिक्षण राहिलं. १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेची मोठी लाट उसळली, जगभर तिचा बोलबाला झाला. त्यांचा बहिरेपणा तसाच राहिला. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, वर्षानुवर्षं खपून त्यांनी सगळं बायबल मराठीत आणलं आणि मुक्तीतल्याच बायकांनी ते छापलं. एकुलती एक मुलगी, मनोरमा, १९२१ मध्ये गेली. पुढच्या वर्षी ५ एप्रिलला त्या स्वतः गेल्या. रमाबाईंच्या चरित्रातलं शौर्य आपण सांगतो आणि कानांवरून मात्र घाईने पुढे जातो. मला ते कान महत्त्वाचे वाटतात.

विश्वासाच्या नावाने औषध थांबवण्याचा धोका एकट्या मावशीला नाही. नवापूर, धडगावकडच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल आहे. आई-बाप दोघेही वाहक असले तर दर बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के. हायड्रॉक्सीयुरियाने कळा कमी होतात, पण गोळी रोज घ्यावी लागते. अशा पोराला ‘आता बरा झालास, गोळ्या टाक’ म्हणणं जिवावर बेतू शकतं. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या त्याच भागात चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय आहे. बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना कमी करण्याचं, माणसाला सोबत करण्याचं काम तिथे चालतं. प्रार्थना तिथेही होते, औषधाच्या शेजारी बसून.

आमच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. ऑपरेशन यशस्वी झालं, गाठ विरघळली, ताप उतरला, अशा साक्षी होतात आणि लोक टाळ्या वाजवून देवाचे उपकार मानतात. तो आनंद खरा असतो. पण ज्यांची गाठ विरघळली नाही ते कधीच उभे राहत नाहीत. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असं आपणच ठरवून टाकलंय. मी हे पाळकसाहेबांशी बोलले. ते ऐकून घेऊन म्हणाले, ‘मावशींनाच विचारा.’

मावशी गेल्या महिन्यात उभी राहिली. पुढचा बाक धरून, बसल्यासारखीच. आवाजही आता आजाराने बारीक झालाय, म्हणून मी माइक धरला. ती म्हणाली, मी बरी झालेली नाही. गोळ्या सकाळी आठला, बाराला, चारला आणि रात्री आठला. रात्री कूस बदलायला माणूस लागतं. पहाटे चारला जाग येते तेव्हा भीती वाटते, तेव्हा मी येशूला हाक मारते, आणि तो असतो. एवढं बोलून ती खाली बसली.

कुणालाच टाळ्या वाजवायचं सुचलं नाही. मग मागच्या बाकावरचे, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे एक भाऊ उभे राहिले आणि त्यांनी माइक मागितला.